नाकारलेला पलंग

आमच्या हॉटेलात माणसं वरच्या मजल्यांवर राहायची आणि त्यांच्या चादरी खाली तळघरात माझ्याकडे यायच्या. सव्वीस वर्षं मी तिथली लिनन रूम सांभाळली. चादरी, अभ्रे, टॉवेल, पलंगपोस. फाटकं एकीकडे, डागाळलेलं दुसरीकडे, धड ते कपाटात. मला सगळे मावशी म्हणायचे, माझ्याहून वयाने मोठी माणसंसुद्धा. पाहुण्यांची तोंडं मी क्वचितच पाहिली असतील. पण कोण पलंगावर बसून जेवतो, कोण बूट न काढता आडवा होतो, हे मला त्यांच्या घरच्यांच्या आधी कळायचं. माणसांबद्दल माझं मत फारसं चांगलं नाही, त्याचं कारण हेच असावं.

तरीही डिक्शनरीइतका पोकळ माणूस सव्वीस वर्षांत दुसरा पाहिला नाही.

डिक्शनरी हे नाव आम्ही ठेवलेलं. हाउसकीपिंगचा सुपरवायझर म्हणून तो आला तो बगलेत एक चौकट मारूनच. चौकटीत सहा महिन्यांच्या कुठल्याशा कोर्सचं सर्टिफिकेट. पहिल्या दिवशी त्याने खोल्या पाहिल्या नाहीत, माणसं पाहिली नाहीत. सुताराला बोलावून ड्यूटीच्या टेबलामागच्या भिंतीवरचं घड्याळ काढायला लावलं आणि तिथे ती चौकट ठोकून घेतली. घड्याळ गेलं तशी माणसं दोन-पाच मिनिटं उशिरा यायला लागली. मग त्यांच्यावरच डाफरला.

उथळ पाण्याला खळखळाट फार, त्यातली गत. फडक्याला फडकं म्हणायला त्याची जीभ रेटायची नाही. रोज सकाळी पावणेआठला तो सगळ्या बायकांना टेबलासमोर उभं करायचा आणि पांढऱ्या फळ्यावर 'आजचा शब्द' लिहायचा. एकीकडे इंग्रजी, एकीकडे मराठी. मग सगळ्यांनी तीनदा म्हणायचा. पन्नाशीच्या, गुडघे धरलेल्या बायका हातात झाडू घेऊन पहिलीतल्या पोरींसारख्या सुरात शब्द म्हणायच्या. मी मागे उभी राहून नुसते ओठ हलवायची.

एक दिवस फळ्यावर आलं: 'टर्न डाउन — नाकारणे.'

तो शब्द त्याला कुठे भेटला ते अख्ख्या हॉटेलला ठाऊक होतं. त्याने असिस्टंट मॅनेजरच्या जागेसाठी अर्ज केला होता आणि अर्ज टर्न डाउन झाल्याचं पत्र आलं होतं. पत्र रिसेप्शनवरून गेलं, म्हणजे ते सगळ्यांनी वाचलं. बाकी कुणाला असं पत्र आलं असतं तर त्याने ते मुकाट्याने खिशात घातलं असतं. याने त्यातला शब्द उपटून आम्हाला शिकवायला घेतला.

"टर्न म्हणजे वळणे, डाउन म्हणजे खाली," तो म्हणाला. "पण दोन्ही एकत्र आले की अर्थ एकच. नाकारणे. फक्त नाकारणे. लक्षात ठेवा, इंग्रजीत अंदाजाने चालत नाही."

त्याच आठवड्यात लॉबीत बसलेल्या एका पाहुण्याने त्याला म्युझिक टर्न डाउन करायला सांगितलं. डिक्शनरीने गाणं बदललं. पाहुण्याने पुन्हा सांगितलं, याने पुन्हा बदललं. चार गाणी झाल्यावर तो माणूस कानांवर हात ठेवून उठून गेला. "चारही नाकारली," डिक्शनरी आम्हाला सांगत आला. "काही लोकांना चवच नसते."

आता घुमीबद्दल सांगते. चौथा मजला तिच्याकडे होता. बोलणं इतकं कमी की तिला घुमी म्हणायला लागले, आणि ती त्या नावालाही ओ द्यायची. चाळीस-बेचाळीसची असेल. नवरा नव्हता, घरी म्हातारे सासरे आणि कॉलेजात जाणारी मुलगी. एप्रनच्या खिशात एक बोटभर वही असायची. पाहुणे खोलीत चिठ्ठ्या ठेवून जातात, हे हवं, ते नको. घुमी त्या चिठ्ठ्या वहीत उतरवून न्यायची आणि घरी मुलीकडून समजून घ्यायची. मुलीला नाही कळलं तर पाहुण्यालाच हाताने खुणा करून विचारायची. पाच-सहा वर्षं हे चाललं होतं. तिने कधी कुणाला दाखवलं नाही आणि कुणी कधी विचारलंही नाही.

चारशे बारामध्ये एक पंचाहत्तरीच्या बाई महिन्याभरासाठी उतरल्या होत्या. परदेशी. त्यांची बहीण पलीकडच्या रस्त्यावरच्या इस्पितळात होती. दिवसभर बहिणीपाशी बसायचं, सहाला खोलीवर यायचं. आल्याच्या दुसऱ्या दिवशी इस्पितळाच्या पायऱ्यांवर पाय घसरला आणि उजवं मनगट मोडलं. कोपरापर्यंत प्लॅस्टर.

हॉटेलातला पलंग कसा लावतात ते ज्याने लावलाय त्यालाच माहीत. चादर आणि ब्लँकेट तीन बाजूंनी गादीखाली खोचायचं, इतकं ताणून की सुरकुती दिसता कामा नये. पाकिटात पत्र सरकवावं तसं माणसाने वरून आत शिरायचं. धडधाकट माणूस एक हिसका देऊन ते सोडवतो. एका हाताने, तोही डावा, आणि वय पंचाहत्तर असताना ते सुटत नाही. बाईंनी दोन रात्री ब्लँकेटवरच पडून, अंगावर कोट ओढून काढल्या. हे आम्हाला नंतर कळलं.

तिसऱ्या सकाळी त्यांनी उशीवर चिठ्ठी ठेवली. संध्याकाळी कृपा करून पलंग टर्न डाउन करावा.

मी खाली अभ्रे लावत होते. डिक्शनरी ती चिठ्ठी झेंड्यासारखी हातात धरून आला, मागोमाग घुमी.

"मावशी, चारशे बाराला सगळं नवीन काढा. चादर, ब्लँकेट, उशा, सगळं. पाहुण्यांनी बेड नाकारलाय."

"साहेब," घुमी म्हणाली, "नाकारलेला नाही. संध्याकाळी चादर सैल करून, वरचा भाग असा दुमडून ठेवायला सांगतायत. त्यांचा हात मोडलाय. मी चारला सुटते, सहाच्या सुमाराला कुणाला तरी वर पाठवा."

वर्षभरात ती सलग एवढी बोलली असेल असं मला वाटत नाही. डिक्शनरीने तिच्याकडे पाहिलं, मग माझ्याकडे, जणू माझ्या कपाटाने तोंड उघडलंय.

"अगंबाई, घुमीला वाचा फुटली! आणि पहिला धडा कुणाला, तर मला." त्याने चिठ्ठी तिच्या नाकासमोर धरली. "इथे दुमड कुठे लिहिलंय? फोल्ड लिहिलंय? टर्न डाउन लिहिलंय. त्याचा अर्थ काय? मंगळवारी फळ्यावर होता. तू हजर होतीस ना?"

"होते."

"मग म्हण."

तिने म्हटलं नाही.

"म्हण ना. टर्न डाउन म्हणजे काय?"

"तिथे लिहिलं होतं ते नाकारणे," ती म्हणाली. "पण इथे तसं नाही."

"इथे तसं नाही!" तो हसला. हसताना त्याचे वरचे दातच दिसायचे. "शब्द काय मजल्यागणिक बदलतो? तळघरात एक, चौथ्या मजल्यावर एक?"

मी अभ्रे लावतच राहिले. मनात म्हटलं, गाढवापुढे वाचली गीता. पण मनात. तोंडाने म्हटलं, "कुठल्या कपाटातलं देऊ, साहेब?"

दुपारी सुतार आणि वायरमन या दोघांनी चारशे बाराचा पलंग उचलून चारशे अठरात नेला आणि तिथला इकडे आणला. सर्व्हिस लिफ्टजवळ एक कोपरा अडकला तेव्हा सुताराने कुणाच्या तरी सात पिढ्यांची आठवण काढली. डिक्शनरी खिशात हात घालून बाजूला उभा. नवीन पलंग त्याने स्वतःच्या देखरेखीखाली लावून घेतला. "ताणा, अजून ताणा. नाणं टाकलं तर टणकन उडालं पाहिजे." उडवूनही दाखवलं. मग सगळ्यांना बाहेर काढून दाराशी उभं राहून त्या पलंगाकडे बघत राहिला, चित्रकाराने चित्राकडे बघावं तसा.

दुसऱ्या सकाळी दुसरी चिठ्ठी. बाई फार सभ्य असणार. पलंग छान आहे, आभारी आहे, पण तो टर्न डाउन करून मिळेल का?

"दुसराही नाकारला," डिक्शनरी खाली येऊन म्हणाला. या वेळी तो हसत नव्हता. "दोन दोन बेड नाकारतात म्हणजे दोष बेडमध्ये नाही. लावणाऱ्या हातात आहे. नाहीतर," तो माझ्या कपाटांकडे बघत म्हणाला, "कापडात आहे."

माझ्या कापडात दोष! तोवरच्या तेवीस वर्षांत माझ्या हातून वर गेलेल्या चादरीवर कुणी बोट ठेवलं नव्हतं. माझा पारा चढला. पण मला पेन्शनला तीन वर्षं होती आणि तीन वर्षं राहिलेल्या माणसाचा पारा फार वर चढत नाही. मी म्हटलं, "कापड तर बघून देते, साहेब." म्हणजे काय झालं? दोष घुमीच्या हातात गेला. मला ते तेव्हाच कळलं होतं.

त्याने घुमीला मेमो दिला. बिछाना नीट न लावल्यामुळे पाहुण्यांनी दोनदा नाकारला, असं त्यात लिहिलं होतं. दोन्ही चिठ्ठ्या टाचणीने मागे लावल्या. पुन्हा एक पलंग हलला. सुताराने तिसऱ्यांदा येणार नाही म्हणून सांगितलं.

चारला सुटल्यावर घुमी माझ्याकडे येऊन बसली. एरवी ती थेट कपडे बदलून निघायची. मी चहा ओतला.

"खरं सांग," मी म्हटलं, "तुला नक्की माहीत आहे का? का तूही त्याच्यासारखीच ठोकून देतेस?"

तिने वही काढली. एका पानावर एकच शब्द होता, टर्न, आणि त्याच्याखाली ओळी. टर्न ऑफ, दिवा बंद. टर्न अप, न सांगता उगवणे. टर्न इन, झोपायला जाणे. टर्न डाउनपुढे तीन अर्थ होते. आवाज किंवा एसी कमी करणे. चादर दुमडून पलंग झोपायला तयार करणे. आणि नाकारणे.

"हा मधला मला एका पाहुण्या बाईंनी करून दाखवला होता. चार वर्षं झाली," ती म्हणाली. माझ्या टेबलावरची एक चादर तिने पसरली, घट्ट खोचली, मग एका बाजूने सैल केली आणि वरचा कोपरा तिरका दुमडला, पुस्तकात खुणेसाठी पान दुमडतात तसा. "एवढंच. माणसाने आलं की आत शिरायचं."

"एका शब्दाचे तीन अर्थ. कसली भाषा म्हणायची ही."

"आपली तशीच आहे की, मावशी." मग ती सहज बोलायला लागली, आणि मला तिचं आश्चर्य वाटत राहिलं. "हात देणं वेगळं, हात दाखवणं वेगळं. हात मारणं वेगळं आणि हात टेकणं वेगळं. हात तोच ना? परक्या माणसाने वहीत लिहून घेतलं, हात म्हणजे हात, आणि कुणी म्हटलं मी हात टेकले, तर तो जमिनीकडे बघत बसेल."

मला हसू आलं. डिक्शनरी जमिनीकडे बघत उभा राहिलेला डोळ्यांसमोर आला. मनसोक्त हसलो आम्ही. त्या दोन तासांत मी त्याच्याबद्दल जे जे बोलले ते इथे लिहिण्यासारखं नाही. तिने एक शब्द त्याच्याविरुद्ध काढला नाही. बोलून काय करायचं असं तिला वाटत असावं. सहाला पाच मिनिटं असताना ती उठली.

"कुठे निघालीस?"

"चारशे बाराला. त्या येतील आता."

"ड्यूटी संपल्यावर वर जाता येत नाही, माहीत आहे ना? तो टपलेलाच आहे."

"त्या बाई कोटात झोपतात, मावशी. सकाळी कोट पलंगावर असतो, चुरगळलेला. ब्लँकेट जसंच्या तसं."

मी तिला अडवलं नाही. अडवलं असतं तर निदान तसं सांगता आलं असतं.

आठ दिवस ती जात राहिली. चार ते सहा माझ्याकडे बसायची, मला अभ्रे लावू लागायची, मग दहा मिनिटांसाठी वर. तिसऱ्या चिठ्ठीत बाईंनी नुसते आभार मानले होते. डिक्शनरीने ती चिठ्ठी सगळ्यांना वाचून दाखवली. "शेवटी बेड पसंत पडला. चिकाटी म्हणतात ती ही."

नवव्या दिवशी सव्वासहाला त्याने तिला चारशे बाराच्या दारातून बाहेर पडताना धरलं. अंगावर घरचे कपडे, हातात बाईंनी दिलेला बिस्किटांचा पुडा. ड्यूटी संपलेली बाई, पाहुण्याची खोली, हातात वस्तू. त्याला आयतं कोलीतच मिळालं.

दुसऱ्या दिवशी सकाळी मॅनेजरबाईंच्या ऑफिसात चौघं जमलो. मॅनेजरबाई, डिक्शनरी, घुमी आणि मी, कारण घुमी माझ्या खोलीत बसायची हे त्याने शोधून काढलं होतं. मॅनेजरबाई म्हणजे कामाचं माणूस. टेबलावर एक कागद नाही, आवाज कधी वर नाही. समोरच्याचं अर्धं ऐकून झालं की त्यांचा निर्णय झालेला असायचा. डिक्शनरीने सगळं मांडलं, मेमोसकट, चिठ्ठ्यांसकट. मॅनेजरबाईंनी चिठ्ठ्या वाचल्या आणि काही न बोलता चारशे बाराला फोन लावला. स्पीकरवर.

बाईंचा आवाज खणखणीत होता. हो, ती रोज येते. मी बोलावलेलं नाही, ती आपणहून येते, फार गोड बाई आहे. पुढचं वाक्य मलाही कळलं. शी टर्न्स डाउन माय बेड एव्हरी इव्हनिंग.

डिक्शनरी खुर्चीवरून जवळजवळ उठला. "ऐकलंत, मॅडम? रोज! रोज संध्याकाळी येऊन ही त्यांचा बेड नाकारते!"

फोनवरच्या बाई हॅलो, हॅलो म्हणत होत्या. मॅनेजरबाईंनी त्यांचे आभार मानले, फोन ठेवला आणि डिक्शनरीकडे पाहिलं.

"नाकारते म्हणजे?" त्यांनी विचारलं.

"टर्न डाउन, मॅडम."

"चादर दुमडून पलंग झोपायला तयार करून ठेवणं, त्याला टर्न डाउन म्हणतात. चांगल्या हॉटेलांतून रोज संध्याकाळी करतात ते. तुमच्या कोर्सला नव्हतं?"

त्याच्या चेहऱ्यावरचा रंग उडताना मी पाहिला. आयुष्यात थोडीच सुखं डोळ्यांनी बघायला मिळतात, त्यातलं ते एक. पण ते सुख पुरतं गिळून होईपर्यंतच त्याचा रंग परत आला. असली माणसं बुडत नाहीत. बूच बुडतं का कधी?

"तेच तर, मॅडम," तो म्हणाला. "तेच मी म्हणत होतो. ही सर्व्हिस आपल्याकडे सुरू करावी, असं माझ्या मनात होतं. म्हणून आधी एका खोलीत ट्रायल घेतली. हिला मीच पाठवत होतो. काल जरा परीक्षा पाहिली हिची, विचारल्यावर काय सांगते ते."

मी आ वासला. मॅनेजरबाई घुमीकडे वळल्या.

"खरं का? यांनी पाठवलं होतं?"

हो म्हटलं असतं तर सगळं तिथेच मिटलं असतं. चोरीचा वास गेला असता, मेमो फाटला असता. त्यालाही तेच हवं होतं. मान हलवून तो तिला खुणावत होता.

"नाही," घुमी म्हणाली. "मी माझी गेले. पहिल्या दिवशीच यांना अर्थ सांगितला होता. यांनी पलंग बदलले. दोनदा. मावशी होत्या तिथे."

"मावशी?" मॅनेजरबाई म्हणाल्या.

तिघंही माझ्याकडे बघत होते. डिक्शनरीच्या कपाळावर घाम होता. मी एक वाक्य बोलायचं होतं. तोवर तेवीस वर्षं मी तळघरात बसून ज्याला त्याला नावं ठेवली, वरच्यांना, खालच्यांना, शिकलेल्यांना, अडाण्यांना. जीभ माझी कात्रीसारखी चालायची. ती त्या दिवशी टाळ्याला चिकटली. मॅनेजर आज आहेत, उद्या बदलून जातील. सुपरवायझर रोजचा. त्याच्या सहीशिवाय माझा सुटीचा अर्ज हलत नव्हता. मी म्हटलं,

"मी खालीच असते, मॅडम. वरचं मला काय कळणार? आणि इंग्रजी तर मुळीच नाही."

त्यानंतर घुमीने माझ्याकडे पाहिलंसुद्धा नाही. ते बरं झालं की वाईट, मला अजून ठरवता येत नाही.

मॅनेजरबाईंना खरं काय ते समजलं असणार. त्या मूर्ख नव्हत्या. पण खरं समजणं वेगळं आणि ते सोयीचं असणं वेगळं. दहा मिनिटांत त्यांनी सगळं उरकलं. ड्यूटीनंतर पाहुण्यांच्या मजल्यावर गेल्याबद्दल घुमीला लेखी ताकीद. कल्पना मात्र चांगली आहे. पुढच्या महिन्यापासून ही सेवा सगळ्या मजल्यांवर सुरू. देखरेख सुपरवायझरची.

सोमवारी फळ्यावर लिहिलं होतं: 'टर्न डाउन — पाहुण्याच्या झोपेची पूर्वतयारी.' जुना अर्थ पुसलेला. बायकांनी तीनदा म्हटला. मग डिक्शनरीने टेबलावर चादर पसरून कोपरा कसा दुमडायचा ते दाखवलं. उलट्या बाजूने दुमडला. कुणी काही बोललं नाही, मी तर नाहीच.

संध्याकाळच्या पाळीला माणूस हवं होतं. दिवसाचं काम आहेच, वर साठ खोल्या, पाच ते आठ, पगार तोच. त्याने घुमीचं नाव दिलं. काम येणारी तीच एक होती, आणि केलेलं काम त्याच्या नावावर लागणार होतं. छापील फॉर्म आला, इंग्रजीत. खाली सही करायची. सगळ्यांसमोर सकाळीच त्याने तो तिच्यापुढे ठेवला.

"मॅडमनी तुझ्यावर विश्वास टाकलाय. मोठी संधी आहे. कर सही."

घुमीने फॉर्म पूर्ण वाचला. बोट न फिरवता वाचला, हे मी पाहिलं. मग पेन घेतलं, सहीच्या जागी एक ओळ लिहिली आणि कागद त्याच्याकडे सरकवला. त्याने उचलून मोठ्याने वाचायला सुरुवात केली, सवयच ती. "आय टर्न इट..." पुढचा शब्द त्याच्या घशात राहिला. हा अर्थ तरी त्याला शिकवायला लागत नव्हता. पत्रावर एकदा वाचला होता त्याने.

मागच्या रांगेत कुणीतरी फिसकन हसलं. पुढच्या महिन्यात घुमीचा चौथा मजला गेला. तळमजल्याचे संडास आणि मागचा जिना तिच्याकडे आला. दोन महिने तिने ते केलं, नीट केलं, आणि मग राजीनामा दिला. चारशे बाराच्या बाई तोपर्यंत बहिणीला घेऊन परत गेल्या होत्या. जाताना त्यांनी लिननच्या गाडीवर घुमीसाठी चार ओळी ठेवल्या. त्या मी तिला नेऊन दिल्या. एवढं एक काम मी केलं, आणि त्यात काही धोका नव्हता.

एप्रन परत करायला ती माझ्याकडे आली तेव्हा मी फार बोलले. डिक्शनरीला शिव्या घातल्या, मॅनेजरबाईंना घातल्या, जगाला घातल्या. ती ऐकत उभी राहिली. "दोन एप्रन, एक टोपी," ती म्हणाली. "बटण तुटलेलं आहे एकाचं." आणि गेली.

पेन्शन मला मिळाली. डिक्शनरीही असिस्टंट मॅनेजर झाला, दुसऱ्या हॉटेलात. निरोपाच्या भाषणात त्याने टर्न डाउनचा उल्लेख केला. शून्यातून उभं केलं म्हणाला. मी टाळ्या वाजवल्या. सगळेच वाजवत होते.

मागच्या महिन्यात मी घुमीच्या घरी गेले. तिसऱ्या मजल्यावरची दोन खोल्यांची जागा, जिना अरुंद, धापच लागली. ती त्या पलीकडच्या इस्पितळातच वॉर्डात लागली आहे. आता तिथे पेशंटशी इंग्रजीत बोलायला तिलाच बोलावतात, असं तिची मुलगी म्हणाली. सासरे खिडकीशी बसून होते. घुमी धुतलेल्या कपड्यांच्या घड्या करत होती. मीही सवयीने एक टोक धरलं. दोन चादरी झाल्या, तीन झाल्या. मग म्हटलं, एकदा बोलून टाकावं.

"त्या दिवशी ऑफिसात मी बोलायला हवं होतं."

मला वाटलं होतं, ती म्हणेल जाऊ दे मावशी, झालं गेलं. सगळे तसंच म्हणतात. मी तेवढ्यासाठीच तीन जिने चढून आले होते, खोटं कशाला बोलू?

"हो," घुमी म्हणाली. "बोलायला हवं होतं."

तिने माझ्या हातातलं टोक घेतलं, घडी पुरी केली, आणि मुलीला चहा टाकायला सांगितला.